गोदाम वाडीला, काउंटर गांधीबागेत

नव्वदीच्या शेवटी नागपुरात कम्प्युटर शिकणाऱ्या आम्हा पोरापोरींना एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जायची. प्रोग्राममधला ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेली वस्तू) कुठे राहतो याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. तो तुमच्याच मशीनवर असो, शेजारच्या खोलीत असो, नाहीतर अमेरिकेत. तुम्ही मेथड कॉल करा, म्हणजे त्याला एक काम सांगा, उत्तर येईल. मधल्या तारेचं, मोडेमचं काय ते दुसरं कुणी बघून घेईल. धरमपेठ-शंकरनगर भागात तेव्हा कम्प्युटर क्लासच्या पाट्यांची नुसती झुंबड होती आणि त्यांवर 'कोर्बा', 'डीकॉम', 'आरएमआय' अशी दूरच्या ऑब्जेक्टशी बोलण्याच्या तंत्रांची नावं ठळक रंगवलेली असायची. आत शिकवणाऱ्याला त्यातलं किती येतं हा वेगळा विषय.

मला ते स्वप्न फार आवडलं होतं. अजूनही आवडतं, म्हणून तर त्याची चिरफाड करायला बसले आहे.

त्याची कुळकथा थोडक्यात सांगायची तर ओस्लोपासून सुरुवात करावी लागते. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यगार्ड या दोन नॉर्वेजियन माणसांनी १९६७ मध्ये 'सिम्युला ६७' ही भाषा मांडली. बाहेरच्या जगातल्या रांगा, यंत्रं, वाहतूक कम्प्युटरवर चालवून बघायची होती, म्हणून जगातल्या एकेका वस्तूसाठी प्रोग्राममध्ये एकेक वस्तू केली. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) नावाच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के यांनी स्मॉलटॉक या भाषेच्या निमित्तानं हीच कल्पना वेगळ्या वाटेनं नेली. के यांनी गणिताबरोबर रेण्वीय जीवशास्त्र शिकलेलं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात पेशी होत्या. प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे स्वतंत्र, बंद, स्वतःपुरता पूर्ण असा छोटा कम्प्युटर. एकाला दुसऱ्याच्या पोटात हात घालता येत नाही, फक्त निरोप पाठवता येतो. लोक ऑब्जेक्टच्या नादी लागले आणि निरोपाकडे कुणी पाहिलंच नाही, अशी त्यांची पुढे तक्रार होती. ही तक्रार लक्षात ठेवा, तिचं काम पडणार आहे.

तिसरा धागा त्याच झेरॉक्स पार्कमधला. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की दूरच्या मशीनवरचं फंक्शन जवळच्या फंक्शनसारखंच कॉल करता येतं. त्याच्या डोक्यावर ऑब्जेक्ट ठेवला की झालं कोर्बा. १९८९ मध्ये अकरा कंपन्यांनी मिळून ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप नावाची संस्था काढली, १९९१ मध्ये कोर्बाची पहिली आवृत्ती आली, आणि बघता बघता शेकडो कंपन्या तिच्या मागे उभ्या राहिल्या. मायक्रोसॉफ्टनं आपली वेगळी चूल मांडली ती डीकॉमची. जावा या भाषेनं फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएमआय आणलं.

तिन्हींचा गाभा एकच. दूरचा ऑब्जेक्ट तुमच्या मशीनवर येत नाही. येतो त्याचा तोतया. कोर्बात आणि आरएमआयमध्ये त्याला स्टब म्हणतात. नाव तेच, मेथडी त्याच, बोलणं-चालणं हुबेहूब. तुम्ही त्याला काही विचारलं की तो ते गुंडाळून तारेवरून खऱ्याकडे पाठवतो, आणि खऱ्याचं उत्तर आपलंच असल्यासारखं तुमच्या हातावर ठेवतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पुण्यात किती जणांना खरा वाटला होता ते आपण इतिहासात वाचलेलंच आहे. तोतया चांगला वठला की घात व्हायला वेळ लागतो, इतकंच.

हा घात मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो गांधीबागेत. औषधांचे एक घाऊक वितरक होते. काउंटर गांधीबागेतल्या गल्लीत, गोदाम अमरावती रोडवर वाडीला. मधलं अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, आणि दोन्हींच्या मध्ये ६४ केबीपीएसची भाड्याची लाइन. सॉफ्टवेअर दुसऱ्या एका कंपनीनं आधीच करून दिलेलं, जावा आरएमआयमध्ये, पुस्तकात दाखवतात तसं नीटनेटकं. वाडीच्या सर्व्हरवर 'औषध' नावाचा क्लास (ऑब्जेक्टचा साचा), त्याचे हजारो ऑब्जेक्ट. गांधीबागेत त्यांचे तोतये. तक्रार एकच होती की यादी उघडायला फार वेळ लागते. ते बघायला मला पाठवलं होतं.

काउंटरच्या पडद्यावर एका वेळी चाळीस औषधं दिसायची. प्रत्येकाचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, दर आणि शिल्लक. कोड वाचायला इतका सोपा की बघत राहावं: यादीतल्या प्रत्येक औषधाला त्याचं नाव विचार, मग बॅच विचार, मग एक्सपायरी, मग दर, मग शिल्लक. शाळेतल्या पोरालाही कळेल. आता हिशोब करा. चाळीस गुणिले पाच म्हणजे दोनशे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे वाडीला जाऊन परत येणार. त्या लाइनवर एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग तरी जायचा. म्हणजे एक पडदा भरायला वीस सेकंद, आणि समोर बिलासाठी मेडिकलवाल्यांची रांग. हेच ऑब्जेक्ट त्याच मशीनच्या मेमरीत असते तर एका प्रश्नाला काही नॅनोसेकंद लागले असते. फरक दुप्पट-तिपटीचा नाही, कोटी पटींचा आहे. आणि तो कोडच्या एकाही ओळीत दिसत नव्हता.

हा भाग सुधारायला सोपा होता. एकदाच वाडीला जायचं, चाळीसही औषधांची सगळी माहिती एका गाठोड्यात बांधून आणायची, आणि मग काउंटरवर हवं ते विचारायचं. त्यासाठी 'औषध' हा सुरेख ऑब्जेक्ट मोडावा लागतो. त्याच्या जागी येतो नुसत्या माहितीचा निर्जीव गठ्ठा. ऑब्जेक्टवाद्यांना याचं दुःख होतं आणि ते खरंच दुःख आहे. सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये वितरित, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवर विखुरलेल्या, ऑब्जेक्टच्या रचनेचा पहिला नियम सांगितला तो असा: ऑब्जेक्ट वितरित करू नका. ईजेबी या जावातल्या सर्व्हरच्या चौकटीच्या कर्त्यांनीही २००१ मध्ये 'लोकल इंटरफेस' आणून हेच गुपचूप कबूल केलं, की बाबांनो, एकाच मशीनवर असाल तर उगाच दूर असल्याचं नाटक नको.

पण संथपणा हा त्या रोगाचा सौम्य प्रकार. पैसे ओतून लाइन मोठी करता येते. मे महिन्यात जे दिसलं ते वेगळं होतं.

त्या काळात नागपुरात भारनियमन म्हणजे रोजचं जेवण होतं. काउंटरचे कम्प्युटर इन्व्हर्टरवर होते, वाडीचा सर्व्हर जनरेटरवर. पण गांधीबागेतला मोडेम ज्या पॉइंटला लावला होता तो इन्व्हर्टरला जोडलेलाच नव्हता. वायरमननं पंखे जोडले, ट्यूबलाइट जोडल्या, देवघरातला दिवाही जोडला, मोडेम राहिला. त्यामुळे लाइट गेली की काउंटरवर सगळं व्यवस्थित चालू दिसायचं, वाडीतही सगळं चालू असायचं, फक्त दोघांची बोलचाल बंद.

आणि दोन तासांनी लाइट आली की अर्धवट राहिलेल्या ऑर्डरी उघडायच्याच नाहीत. 'असा ऑब्जेक्टच नाही' असा निरोप यायचा. सगळे चक्रावलेले. ऑर्डर तर पडद्यावर दिसतेय!

याचं कारण मला आजही फार गोड वाटतं. जावामध्ये ज्या ऑब्जेक्टकडे कुणाचाच हात उरला नाही तो आपोआप साफ होतो. एका मशीनवर हे ओळखणं शक्य आहे. पण वाडीच्या ऑब्जेक्टला गांधीबागेतलं कुणी धरून बसलंय का, हे वाडीनं कसं ओळखायचं? आरएमआयचं उत्तर म्हणजे भाडेकरार, लीज. काउंटरनं अधूनमधून कळवत राहायचं की मी अजून आहे, हा ऑब्जेक्ट मला हवाय. नेमून दिलेली मुदत दहा मिनिटं. दहा मिनिटांत काहीच आलं नाही तर वाडी समजते की पलीकडचा गेला, आणि ऑब्जेक्ट झाडून टाकते. इथे पलीकडचा गेलेला नव्हता. घाम पुसत, पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता.

दूर बसलेला माणूस मेला आहे की नुसता गप्प आहे, हे इकडून ओळखता येत नाही. वितरित प्रणालींचं अर्धं शास्त्र या एका अडचणीभोवती फिरतं. या शास्त्रातले संशोधक लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये एका निरोपात थट्टेनं व्याख्या केली होती, की जो कम्प्युटर अस्तित्वात आहे हेही तुम्हाला माहीत नव्हतं, तो बंद पडल्यामुळे तुमचा कम्प्युटर निकामी होतो, तेव्हा ती वितरित प्रणाली समजावी. आमच्याकडे तर पलीकडचा बंदही पडला नव्हता.

दुसरा घोळ जास्त महागाचा. काउंटरनं वाडीला सांगितलं, अमुक बॅचच्या वीस पेट्या राखून ठेवा. वाडीनं ठेवल्या. 'ठेवल्या' हे उत्तर परत येताना लाइन तुटली. काउंटरला दिसलं फक्त 'रिमोट एक्सेप्शन', म्हणजे दूरचा कॉल फसल्याची सूचना. आता इकडून बघणाऱ्याला तीन शक्यता सारख्याच दिसतात: निरोप पोचलाच नाही, पोचला पण काम अर्ध्यात राहिलं, किंवा काम पूर्ण झालं, उत्तर तेवढं हरवलं. प्रोग्राम आशावादी निघाला. त्यानं पहिली शक्यता धरली आणि पुन्हा मागणी केली. चाळीस पेट्या अडकल्या आणि तिसऱ्याच दुकानदाराला 'माल नाही' म्हणून परत पाठवला.

गोदामावरच्या काकांना मी विचारलं, कम्प्युटर यायच्या आधी हे कसं चालायचं? ते वैतागलेलेच होते. म्हणाले, "ताई, चिठ्ठीवर नंबर राहते ना बाप्पा. पोट्टं चिठ्ठी आणते, मी नंबर रजिस्टरात पायतो. तोच नंबर दोनदा आला तं दोनदा माल काऊन काढीन मी? या कम्प्युटरले नंबरच नाही, मंग मले काय मालूम हे नवं हाय का जुनंच हाय." आणि चहा मागवायला निघून गेले.

काकांच्या रजिस्टरला आमच्या धंद्यात भारदस्त नाव आहे, पण कृती तीच. मागणाऱ्यानं प्रत्येक मागणीला स्वतःचा नंबर द्यायचा. करणाऱ्यानं झालेल्या नंबरांची वही ठेवायची. तोच नंबर पुन्हा आला तर काम करायचं नाही, आधीचंच उत्तर पुन्हा द्यायचं. मग बिनधास्त दहादा विचारा. आम्ही तसं केलं आणि पेट्या दुप्पट होणं थांबलं. गंमत अशी की असं केल्यावर 'औषध' या ऑब्जेक्टवर मेथड कॉल होतोय असं काही उरतच नाही. उरते चिठ्ठी. निरोप.

त्या आधीच्या कंपनीचा कोड चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली होती. आरएमआयमध्ये दूरच्या प्रत्येक मेथडवर 'हिला रिमोट एक्सेप्शन येऊ शकतं' असं लिहावंच लागतं. लिहिलं नाही तर स्टबच तयार होत नाही. कॉल करणाऱ्यालाही ते पकडावं लागतं. आणि त्या कोडमध्ये ते पानोपानी पकडलेलं होतं: कॅच, महिरपी कंस उघडला, महिरपी कंस मिटला. आत काही नाही. ज्यानं आरएमआय घडवलं त्यानं दारावर घंटा बांधली, आणि वापरणाऱ्यानं घंटेत कापूस कोंबला.

ती घंटा अपघातानं आलेली नव्हती. जावा घडवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जिम वाल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वोलरॅथ आणि सॅम केंडल यांनी १९९४ मध्ये वितरित संगणनावर एक टिपण लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. जवळचा ऑब्जेक्ट आणि दूरचा ऑब्जेक्ट हे मुळातच वेगळे प्राणी आहेत. लागणारा वेळ वेगळा, मेमरीला हात लावण्याची सोय वेगळी, एकाच वेळी अनेकांनी कामं करण्याचे नियम वेगळे, आणि सगळ्यात कठीण म्हणजे अर्धवट बिघाड. एकाच मशीनवर बिघडलं तर सगळंच बंद पडतं, निदान शंका उरत नाही. दोन मशीनवर एक जिवंत आणि एक नाही अशी स्थिती येते, आणि ती सांगणारा तिसरा कुणी नसतो. हा फरक झाकून ठेवणारी कोणतीही रचना पुढे गोत्यात आणते. यातल्या अ‍ॅन वोलरॅथ पुढे आरएमआयच्या प्रमुख रचनाकार झाल्या. म्हणजे तोतया बनवणाऱ्यांनाच तोतयाचा धोका पुरता ठाऊक होता. म्हणून ती सक्ती.

मला मात्र वाल्डो मंडळींचं म्हणणं पूर्ण पटत नाही. जवळ आणि दूर वेगळेच ठेवा, हा झाला एक मार्ग. पण दोघांना एकसारखं करायला हरकत नव्हती. कोर्बानं ते उलट्या दिशेनं केलं. दूरच्याला जवळचा मानलं. त्याऐवजी जवळच्यालाच दूरचा मानलं असतं तर?

हे कुणी केलं नाही असं नाही. एरिक्सन ही स्वीडनची टेलिफोन कंपनी. तिच्या प्रयोगशाळेत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी अर्लांग ही भाषा घडवली. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून चालत नाही, आणि यंत्र तर कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून अर्लांगमध्ये शेजारी बसलेल्या प्रोसेसशीही (चालू असलेल्या छोट्या प्रोग्रामशीही) फक्त निरोपानंच बोलायचं. मेमरी सामाईक नाही. उत्तर येईल याची हमी नाही. किती वेळ थांबायचं ते तुम्हीच लिहायचं. दुसरा मेला तर कळवा अशी आगाऊ विनंती करून ठेवता येते, पण तो निरोप लाइन तुटल्यावरही येतो. इतकं सगळं जवळच्याच बाबतीत सोसायची सवय लागली की उद्या तो प्रोसेस दुसऱ्या मशीनवर हलवला तरी कोडला धक्का बसत नाही. याची किंमत आहे. इकडून तिकडे जाणाऱ्या माहितीची बहुतेक वेळा नक्कल करावी लागते, आणि साध्यासुध्या प्रोग्रामातही ही शिस्त जाच करते. पण ही किंमत समोर दिसते. कोर्बाची उधारी होती.

आणि गंमत बघा, ज्या भाषेला कुणी ऑब्जेक्टची भाषा म्हणत नाही तिच्यातच अ‍ॅलन के यांच्या पेशी सापडतात. बंद, स्वतंत्र, निरोपावर चालणाऱ्या.

मधे एक तिसरीच वाट होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात एमराल्ड नावाची भाषा झाली. तिच्यात ऑब्जेक्टला उचलून दुसऱ्या मशीनवर नेता यायचं, चालू प्रोग्राममध्ये. म्हणजे वाडीला दोनशेदा विचारण्यापेक्षा ती ऑर्डरच गांधीबागेत आणून ठेवा, काम झालं की परत पाठवा. ती चालली नाही, म्हणजे बाजारात चालली नाही. पण कुठे आहे हा प्रश्न तिनं लपवला नाही, प्रोग्रामरच्या हातात दिला, म्हणून मला तिच्याबद्दल जिव्हाळा आहे.

आपल्याकडे हे सगळे वाद ज्यांच्या गावी नव्हते त्यांनी एक मोठं काम करून ठेवलं होतं. रेल्वेच्या आरक्षणाची दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडण्याचं काम एप्रिल १९९९ मध्ये पूर्ण झालं. सॉफ्टवेअरचं नाव कॉन्सर्ट, लिहिलेलं सी आणि फोर्ट्रानमध्ये. ऑब्जेक्टचा वासही नाही. पण कोणत्या गाडीचं खातं कोणत्या केंद्राकडे, हे ठरलेलं. हावड्याची गाडी, मद्रासची गाडी, दिल्लीची, मुंबईची, सगळ्या ज्या गावावरून जातात त्या नागपूरच्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एका बर्थचा मालक एकच केंद्र. उत्तर उशिरा आलं तर खिडकीवरचा बाबू 'लिंक फेल' म्हणून हात वर करायचा. आपण चिडायचो. पण तो खरं बोलत होता, आणि एकच बर्थ दोघांना विकत नव्हता.

आता मी ज्या पोरांबरोबर काम करते त्यांनी कोर्बा हे नाव ऐकलेलं नाही, आणि त्यांनी ऐकावं असंही नाही. ते मायक्रोसर्व्हिस करतात, म्हणजे एक मोठा प्रोग्राम तोडून तारेवरून एकमेकांशी बोलणारे छोटे प्रोग्राम. चार माणसांच्या टीमला अकरा सर्व्हिस हे प्रमाण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सर्व्हर आता वाडीला नाही, मुंबईच्या क्लाउडमध्ये. रेल्वेच्या वाटेनं आठशेहून जास्त किलोमीटर लांब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन आठ मिलिसेकंद कुणालाच चुकत नाहीत, कितीही पैसे ओता. स्टब परत आला आहे, जीआरपीसी या दूरच्या कॉलच्या नव्या साधनाच्या रूपात. तोच तोतया, कपडे नवे. पण हा थोडा जबाबदार आहे. किती वेळ थांबायचं ती मुदत कॉलबरोबर देता येते. दिली नाही तर मुळात मुदतच नसते, म्हणून न चुकता द्या असं त्याचे कर्तेच बजावतात. आणि मुदत संपल्याचा जो कोड मिळतो त्याच्या वर्णनात स्वच्छ लिहिलं आहे, की काम यशस्वी झालेलं असलं तरीही हा कोड येऊ शकतो. नव्वदीत एवढं कुणी आम्हाला एका ओळीत सांगितलं असतं तर!

समजावणं मात्र सोपं झालंय, आणि त्याचं श्रेय यूपीआयला. २०१६ नंतर अर्धवट बिघाड म्हणजे काय हे पोह्यांच्या ठेल्यावरच्या माणसालाही कळतं. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, ठेलेवाल्याचा डबा बोलला नाही, पडद्यावर 'पेंडिंग'. यशस्वी नाही, अयशस्वी नाही. कुणी पुन्हा पैसे टाकत नाही लगेच. "थांबा भाऊ, पायतो मी," म्हणतो आणि दुसऱ्याच्या पोह्यांवर तर्री ओततो.

म्हणून सध्याच्या कामात मी एक हट्ट धरला. सर्व्हिसला विचारणाऱ्या प्रत्येक मेथडची उत्तरं तीन: झालं, झालं नाही, माहीत नाही. एक्सेप्शन नाही, रिकामा कॅच नाही. तिन्ही फांद्या लिहिल्याशिवाय कोड कम्पाइलच होत नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. आमच्यातला एक पोट्टा रिव्ह्यूमध्ये म्हणाला, "मॅडम, पहिल्या दोन्हीचं समजलं, पण तिसऱ्याचं मी करू काय?" प्रश्न रास्त होता. तिसऱ्या उत्तराच्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवून, प्रत्येकीचा नंबर घेऊन पलीकडे पुन्हा पुन्हा विचारत बसणारा एक वेगळा प्रोग्राम लागतो. त्याला रात्री चालवावं लागतं, त्याचं त्यालाच बंद पडून पुन्हा उठता यावं लागतं, आणि तो मूळ ऑर्डरच्या कोडपेक्षा लांब होतो. टीममध्ये कुणालाच तो लिहायचा नव्हता. ज्यानं प्रश्न विचारला त्याच्याच गळ्यात घातला.